नशा उतरल्यावरची मैफल

*दारू सोडलेल्या माणसांच्या मेळाव्यात बॅण्ड वाजवायला उभा राहतो, तेव्हा कसोटी फक्त ऐकणाऱ्यांची लागत नाही. वाजवणाऱ्यांचीही लागते. बंगळुरूच्या इंदिरानगरपासून पुण्याच्या मुक्तांगणपर्यंत, सूर आणि संयम यांच्या नात्याची ही गोष्ट.*

इंदिरानगर म्हटलं की क्रिकेटवेड्या मराठी माणसाला हटकून राहुल द्रविड आठवतो. २०२१ साली आलेल्या एका जाहिरातीत हा शांत, सोज्वळ गृहस्थ बंगळुरूच्या रहदारीत अडकून संतापतो आणि स्वतःला इंदिरानगरचा गुंड म्हणवून घेत ओरडतो. जाहिरात तुफान गाजली. इंदिरानगरचं नाव घरोघरी पोहोचलं.

बंगळुरूच्या तरुणाईला मात्र हे नाव आधीपासूनच पाठ होतं, आणि तेही वेगळ्याच कारणासाठी. एकेकाळी बागबगीचे असलेल्या बंगल्यांची, निवृत्त मंडळींची ही निवांत वसाहत. पण शंभर फुटी रस्ता आणि बारावा मेन रोड इथे एकामागून एक हॉटेलं, पब आणि स्वतःची बिअर गाळणाऱ्या ब्रुअरीज उघडल्या. २० ऑक्टोबर २०११ रोजी शहरातली पहिली मेट्रो धावली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात इंदिरानगरला स्टेशन मिळालं. मग काय विचारता! शनिवारची संध्याकाळ म्हणजे इथे जत्राच.

या जत्रेत गाणारे-वाजवणारेही आले. कॉलेजात गिटार हातात घेतलेली मुलं, दिवसा कॉम्प्युटर कंपनीत आणि रात्री ड्रमवर बसणारे हौशी, संगीतावरच पोट असलेले व्यावसायिक. या सगळ्यांना हक्काचं स्टेज दिलं ते पबनी. तिकीट काढून इंग्रजी किंवा नव्या वळणाची कानडी-हिंदी गाणी ऐकायला हॉल भरत नाही. पण बिअरच्या बिलातून बॅण्डचे पैसे निघतात. हा हिशेब किती नाजूक आहे ते २०१८ साली कळलं. सार्वजनिक करमणुकीचा परवाना नसलेल्या पबमधलं लाइव्ह संगीत पोलिसांनी बंद करायला लावलं आणि शहरातल्या कितीतरी वादकांच्या पोटावर पाय आला. गोंगाटाला कंटाळलेल्या रहिवाशांना बरं वाटलं असेल, पण एक गोष्ट त्यामुळे उघडी पडली. आपल्या शहरांत नव्या संगीताची दोरी दारूच्या बाटलीला बांधलेली आहे.

आता प्रश्न असा, की ज्यानं बाटली सोडली त्यानं गाणं ऐकायला जायचं कुठे? आणि ज्या वादकानं स्वतःच सोडली, त्यानं वाजवायचं कुठे?

हातात चहाचा कप

याचं एक उत्तर जगभर सापडतं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसं स्वतःच मेळावा भरवतात आणि तिथे बॅण्डला बोलावतात. निमित्त कधी एखाद्या गटाच्या वर्धापनदिनाचं, कधी कुणाच्या ‘सोडल्याच्या’ वाढदिवसाचं.

कल्पना करा. शाळेचा किंवा चर्चचा साधा हॉल. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहा-कॉफीचा थर्मास आणि बिस्किटं. पबमध्ये वाजवायची सवय असलेला बॅण्ड इथे येतो तेव्हा आधी बिचकतो. पबात अंधार असतो, लोक आपापल्या गप्पांत असतात, एखादी तान चुकली तरी ग्लासांच्या किणकिणाटात खपून जाते. इथे सगळ्यांचे डोळे तुमच्यावर. कुणी झिंगलेलं नाही. ड्रमरची काठी निसटली तरी शेवटच्या रांगेतल्या आजोबांना दिसते!

आणि मग दुसरी गंमत होते. दोन-तीन गाणी झाली की हेच श्रोते खुर्च्या मागे सरकवून उभे राहतात. पन्नाशीचा कारकून, कॉलेज अर्धवट सोडलेला मुलगा, त्याची आई, रिक्षावाला, कुणी बडा अधिकारी, सगळे एका तालावर. यांच्यातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच शुद्धीत असताना पाय हलवलेले असतात. पोटात दोन पेग गेल्याशिवाय वरातीत नाचता येत नाही, हा समज घेऊन ती वाढलेली. तो समज त्या संध्याकाळी गळून पडतो. म्हणून टाळ्यांना जोर असतो, ‘वन्स मोअर’ला दम असतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सगळं आठवतं!

गाण्याबरोबर तलफही येते

पण ही गोष्ट वाटते तितकी गोड नाही. संगीत हे व्यसनमुक्त माणसासाठी औषध आहे तसा सापळाही आहे.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या कुत्र्यांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. जेवणाआधी ठरावीक खूण मिळत गेली, की पुढे नुसत्या खुणेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. व्यसनाचं तंत्र याच वाटेनं जातं. ज्या गाण्यावर वर्षानुवर्षं प्याले रिचवले त्या गाण्याचा पहिला तुकडा कानावर पडला, की मेंदू जुन्या वाटेवर धावू लागतो. तोंड कोरडं पडतं, हात अस्वस्थ होतात. दारू समोर नसते, पण तलफ येते. दोन-तीन वर्षं थेंबही न घेतलेल्या माणसालाही हा झटका बसू शकतो.

जागेचा आणि माणसांचा यात किती मोठा वाटा असतो, हे व्हिएतनाम युद्धानंतर दिसून आलं. तिथे हेरॉईनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक १९७१च्या सुमारास मायदेशी परतू लागले, तेव्हा सरकारला धास्ती पडली होती. संशोधक ली रॉबिन्स यांनी या सैनिकांचा पाठपुरावा केला. आढळलं ते असं, की घरी परतल्यावर फार थोडे सैनिक पुन्हा त्या विळख्यात सापडले. जागा बदलली, सोबत बदलली, नशा मिळण्याची वाट बदलली. बहुतेकांची सवय मागे राहिली.

पण इंदिरानगरात, ठाण्यात किंवा पुण्यात राहणाऱ्याला विमानानं दुसऱ्या देशात जाता येत नाही. त्याच्या घराखालीच पब असतो. जुने मित्र त्याच गल्लीत असतात. ऑफिसची पार्टी चुकत नाही. म्हणून मग जागा तीच ठेवून प्रसंग बदलावा लागतो. तेच गाणं, पण वेगळ्या सोबतीत, वेगळ्या उजेडात, हातात चहाचा कप घेऊन पुन्हा पुन्हा ऐकलं, की त्या सुरांना नवी आठवण चिकटते. अशा मेळाव्यातला बॅण्ड खरं तर हेच काम करत असतो. त्याला ते ठाऊक असो वा नसो!

सॅक्सोफोनवाला झाडूवाला झाला

वादकाच्या बाजूनं पाहिलं तर हा पेच आणखी कठीण. बाकीच्यांना पब टाळता येतो. वादकाचं ऑफिसच तिथे असतं.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे १९३५ साली सरकारनं व्यसनी लोकांसाठी एक प्रचंड संस्था उघडली. अर्धा तुरुंग, अर्धा दवाखाना. जाझ संगीतातले इतके नामवंत तिथे भरती झाले, की आत बॅण्ड उभे राहिले आणि इतर रुग्णांसमोर वाजू लागले. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स १९५५ साली स्वतःहून तिथे दाखल झाले. हेरॉईनपायी तुरुंगवास झाला होता, मित्रांचा विश्वास गेला होता.

बरे होऊन ते शिकागोला आले. हा माणूस तेव्हाच नावाजलेला होता. पण त्यांनी लगेच स्टेज गाठलं नाही. झाडलोटीची, हमालीची मिळेल ती कामं केली. क्लबमध्ये पाऊल टाकलं तर जुनी मंडळी भेटणार, ‘चल, थोडी घे’ म्हणणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. अखेर ते एकदा क्लबात गेले. व्हायचं तेच झालं. जुन्या सोबत्यांनी आग्रह केला, मोहही झाला. पण ते परत फिरले. त्या रात्री मिळालेला विजय आयुष्यभर पुरला. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, त्यांची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही ध्वनिमुद्रिका झाली आणि जाझच्या इतिहासात जाऊन बसली.

रुग्णांचाच बॅण्ड

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. तिथे १९५८ साली ‘सिनानॉन’ नावाची व्यसनी लोकांची वसाहत सुरू झाली. तिथल्या रहिवाशांनीच बॅण्ड बांधला आणि १९६२ साली त्यांची ‘साउंड्स ऑफ सिनानॉन’ ही तबकडी बाजारात आली. त्यात गिटार वाजवणारा, आयुष्याची उमेदीची वर्षं नशेत आणि तुरुंगात घालवलेला एक तिशीतला वादक होता, जो पास. तबकडी ऐकून जाणकार चकित झाले. हाच जो पास पुढे एला फिट्झजेराल्ड आणि ऑस्कर पीटरसन यांच्या जोडीनं वाजवू लागला आणि जगातल्या थोर गिटारवादकांत गणला गेला.

या गोष्टीला एक काळी किनार आहे, तीही सांगायलाच हवी. ज्या सिनानॉननं जो पासला उभं केलं, ती संस्था पुढे एका माणसाच्या हुकमतीखालचा पंथ बनली. मारहाण, दहशत, खटले या वाटेनं जाऊन १९९१ साली ती बुडाली. व्यसन सोडवतो म्हणून माणसाचं स्वातंत्र्यच काढून घेणाऱ्या संस्थांपासून सावध राहावं, हा धडा आपल्याकडच्या पालकांनीही गिरवण्यासारखा आहे.

गिटारींचा लिलाव

रॉक संगीतात तर व्यसनाचं कौतुकच होत आलं. स्टीवी रे वॉन हा टेक्ससचा गिटारवादक १९८६ साली दौऱ्यावर असतानाच दारू आणि कोकेननं कोसळला. उपचार घेऊन तो परतला आणि स्टेजवरून श्रोत्यांना उघडपणे आपली कहाणी सांगू लागला. १९८९च्या त्याच्या अल्बमचं नाव ‘इन स्टेप’; व्यसनमुक्तीच्या प्रसिद्ध बारा पायऱ्यांची आठवण देणारं. दुर्दैव असं, की २७ ऑगस्ट १९९० रोजी एका मोठ्या मैफलीनंतर हेलिकॉप्टरच्या अपघातात तो गेला. वय अवघं ३५. पण गेला तो शुद्धीत, कारकिर्दीच्या शिखरावर.

त्याच मैफलीत वाजवलेला एरिक क्लॅप्टन १९८७पासून दारूपासून दूर होता. त्यानं १९९८ साली अँटिग्वा बेटावर ‘क्रॉसरोड्स’ हे उपचार केंद्र काढलं. त्यासाठी १९९९ साली आपल्या शंभर गिटारी लिलावात काढल्या. सुमारे पन्नास लाख डॉलर उभे राहिले! ‘ब्राउनी’ या एकट्या गिटारीनं जवळपास पाच लाख डॉलर मिळवले. गिटार विकून दारूचं बिल भागवणारे वादक आपण पाहिले होते. दारू सोडवण्यासाठी गिटार विकणारा हा विरळाच.

श्रोतेही मागे राहिले नाहीत. ‘ग्रेटफुल डेड’ या बॅण्डच्या मैफली म्हणजे नशेचा महापूर. पण तिथेही १९८०च्या दशकात व्यसन सोडलेल्या चाहत्यांनी युक्ती काढली. पिवळे फुगे लावून ते एका ठिकाणी जमत. मध्यंतरात तिथे छोटीशी बैठक होई. गाणं आवडतं, पण पाय घसरण्याची भीती वाटते, अशा कुणालाही लांबून फुगा दिसला की हायसं वाटे. हजारोंच्या गर्दीत आपलं माणूस सापडे.

कीर्तनाची पूर्वपुण्याई

आपल्याला हे सगळं परदेशी वाटायचं कारण नाही. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं ते १९१९ साली, राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर. गंधर्व नाटक मंडळीनं त्याचा पहिला प्रयोग बडोद्यात केला. दारूनं बुडालेल्या सुधाकराच्या संसाराची शोकांतिका मराठी प्रेक्षकांनी पाहिली ती संगीत नाटक म्हणूनच. बालगंधर्वांच्या सिंधूनं थिएटरं रडवली.

त्याही पलीकडे जा. वारकऱ्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली, की दारू सुटली. आणि ती सुटलेली राहावी म्हणून काय होतं? रोजचं भजन, सोबतीला टाळकरी, आणि वर्षातून एकदा लाखोंच्या संगतीत चालत जाणं. गट, ठरलेली वेळ, सामूहिक सूर! गाडगेबाबांचं कीर्तन तर श्रोत्यांना गप्प बसूच द्यायचं नाही. ते प्रश्न विचारत, लोकांकडून उत्तर वदवून घेत, आणि दारूच्या पायी घरदार कसं जातं ते हसत-हसवत गळी उतरवत. तुकडोजी महाराजांनी हेच काम खंजिरीच्या ठेक्यावर केलं. बंगळुरू ज्या कर्नाटकात आहे, तिथेही धर्मस्थळच्या संस्थेमार्फत गावोगाव दारूमुक्तीची निवासी शिबिरं भरतात आणि त्यांत भजन असतंच.

आता तरुण पोराला मृदंगाऐवजी ड्रम आणि टाळाऐवजी गिटार जवळची वाटत असेल, तर त्यात बिघडलं कुठे?

मुक्तांगणचं घरपण

महाराष्ट्रात हे धागे एकत्र आले ते पुण्यात. अनिल अवचटांनी ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या तरुण मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत. २९ ऑगस्ट १९८६ रोजी तिथल्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे कार्यकर्ते झाले, बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. १९९७ साली अनिताताई गेल्या, २०२२ साली अनिल अवचट गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं.

अवचट स्वतः बासरी वाजवत, गात, कागदाच्या घड्या घालून प्राणी-पक्षी करत. हे केवळ छंद नव्हते. नशा गेली की माणसाच्या दिवसात एक मोठं भोक पडतं. संध्याकाळचे सहा वाजले की हात मोकळे, मन मोकळं आणि जुनी वाट समोर! त्या भोकात काही तरी भरावं लागतं. रिकाम्या हातात बासरी आली, की निदान तेवढा वेळ त्यात ग्लास येत नाही.

नाव विचारू नका, फोटो काढू नका

अशा मेळाव्यात वाजवायला जाणाऱ्या बॅण्डनं काही पथ्यं पाळायला हवीत. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’, म्हणजे ए.ए., ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत जन्मली आणि १९५७ साली भारतात आली. तिचा पाया निनावीपणा. सभासद फक्त पहिल्या नावानं ओळख देतात. त्यामुळे कार्यक्रम कितीही रंगला, तरी श्रोत्यांचे फोटो काढून मोबाइलवरून गावभर वाटणं म्हणजे कुणाची नोकरी, कुणाच्या मुलीचं स्थळ धोक्यात घालणं. ए.ए. बाहेरच्या देणग्या घेत नाही, स्वतःचा खर्च स्वतः भागवते. म्हणून कंपनीचा बॅनर स्टेजमागे लावण्याचा विचारही डोक्यातून काढावा.

गाणी निवडतानाही डोकं लागतं. दारूचे गोडवे गाणारी गाणी टाळायची, हे उघड आहे. पण व्यसनमुक्तीचा उपदेश करणारी गाणीच लागोपाठ वाजवली, तर लोक जांभया देतात. ती मंडळी उपदेश ऐकूनच आलेली असतात, तोही वर्षानुवर्षं! त्यांना हवी असते चांगली, मनमुराद वाजवलेली गाणी. कींव नको, फुकटचं काहीबाही नको. पबात वाजवतो तितक्याच तयारीनं इथे वाजवणं, हाच मोठा मान.

आणि एक. कार्यक्रम संपल्यावर बॅण्डनं लगेच सामान आवरून पळू नये. चहा घ्यावा, बसावं. बॅण्डमधल्याच कुणाला स्वतःबद्दल काही विचारायचं असेल, तर त्यासाठी याहून बरी जागा नाही.

घरच्यांनी काय करावं?

• घरात कुणी व्यसनमुक्त असेल, तर लग्नाच्या हळदीला, संगीताला त्याला वगळू नका. त्याच्यासोबत न पिणारं एक माणूस ठेवा आणि तो ‘निघतो’ म्हणाला तर अडवू नका.

• ‘एकानं काय होतं?’ हा आग्रह जिवावर बेतू शकतो. पाहुण्यांना आधीच बजावा.

• त्याला बेचैन करणारी गाणी कोणती, ते त्यालाच विचारा. ती काही काळ घरात लावू नका.

• जुनं वाद्य माळ्यावर पडलं असेल तर खाली काढा. शिकायला वय लागत नाही.

• रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

• बंगळुरूत निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत व्यसनांवर उपचार करणारा स्वतंत्र विभाग आहे. देशभरासाठी नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६. दोन्हींवर फोन करायला पैसे पडत नाहीत.

टाळी कुणासाठी?

एका संध्याकाळच्या बॅण्डनं कुणाचं व्यसन सुटत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. सुटतं ते उपचारांनी, गटाच्या आधारानं, घरच्यांच्या चिकाटीनं आणि रोज सकाळी नव्यानं केलेल्या निश्चयानं. पाय घसरतो, पुन्हा उभं राहावं लागतं.

पण दारू सोडलेल्या माणसाला खरी भीती असते ती वेगळी. आता आयुष्य बेचव होणार, हसणं-नाचणं संपलं, आपण कायमचे ‘पेशंट’ झालो, असं त्याला वाटत राहतं. ही भीती भाषणानं जात नाही. ती जाते, जेव्हा भर उजेडात, चहाचा कप बाजूला ठेवून, तो बायकोच्या हाताला धरून उभा राहतो आणि चुकतमाकत का होईना, ठेका धरतो. बायको आधी त्याच्या तोंडाकडे बघते. वास येत नाही ना, याची तिला इतक्या वर्षांची सवय. मग तीही ठेका धरते.

अशा श्रोत्यांसमोर वाजवायची संधी ज्या बॅण्डला मिळेल, त्यानं ती सोडू नये. मानधन पबइतकं मिळणार नाही. पण त्या हॉलमधलं प्रत्येक माणूस गाणं ऐकायला म्हणूनच आलेलं असेल. वादकाला याहून अधिक काय हवं?